लोंबणे, झोळणे, कोमेजणे : इंग्रजीतील एका शब्दगटाचा अभ्यास

परकी भाषा शिकणाऱ्याला मोठ्या कल्पनांचे शब्द फारसे अडवीत नाहीत. स्वातंत्र्य, न्याय, सौंदर्य यांचे प्रतिशब्द कोशात सापडतात आणि ते बहुधा चालूनही जातात. खरी अडचण येते ती रोज डोळ्यांपुढे असणाऱ्या लहान गोष्टींपाशी. दोन खांबांना बांधलेली दोरी मध्ये खाली येते. दुपारच्या उन्हात भोपळ्याचा वेल मान टाकतो. कुत्र्याचे कान खाली पडलेले असतात. जुन्या घराच्या तुळईला बाक येतो. छताच्या कडीपासून काचेची हंडी लोंबत असते. या पाचही दृश्यांत काहीतरी खाली आलेले आहे. मराठी विद्यार्थी या सर्वांसाठी इंग्रजीतील 'हँग' हे एकच क्रियापद वापरू पाहतो आणि पाचांपैकी तीन ठिकाणी चुकतो.

या शब्दगटाचा अभ्यास कोठे करावा, असा प्रश्न पडल्यास तंजावूरच्या राजवाड्याइतके सोयीचे स्थळ दुसरे क्वचितच सापडेल. नायक राजांनी आरंभिलेला आणि पुढे भोसले राजांनी वाढविलेला हा राजवाडा सतराव्या शतकाच्या अखेरच्या चरणापासून १८५५ पर्यंत एका मराठी राजघराण्याचे निवासस्थान होता. या घराण्यातील दुसरे सरफोजी (जन्म १७७७, राज्यकाल १७९८ ते १८३२) हे इंग्रजी भाषा मनापासून आत्मसात करणाऱ्या आरंभीच्या मराठी भाषकांपैकी एक होत. जर्मन मिशनरी ख्रिश्चन फ्रेडरिक श्वार्ट्झ यांच्या देखरेखीखाली त्यांचे शिक्षण झाले. त्यांनी जमविलेली युरोपीय भाषांतील पुस्तके राजवाड्याच्या आवारातील सरस्वती महाल ग्रंथालयात आजही आहेत. त्यांच्या देवनागरी छापखान्यातून एकोणिसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात 'बालबोधमुक्तावली' हे इसापच्या कथांचे मराठी भाषांतर छापून निघाले.

येथे एक गोष्ट ध्यानात घेण्यासारखी आहे. सरफोजी इंग्रजी शिकले तेव्हा त्यांच्या हाताशी एकही छापील मराठी-इंग्रजी कोश नव्हता. विल्यम कॅरी यांचा कोश १८१० मध्ये श्रीरामपूर येथे छापला गेला. मोल्सवर्थ यांचा मराठी-इंग्रजी कोश १८३१ मध्ये, म्हणजे सरफोजींच्या मृत्यूच्या आदल्या वर्षी, प्रसिद्ध झाला. आणि इंग्रजी-मराठी कोशासाठी १८४७ साल उजाडावे लागले. त्या पिढीला परक्या शब्दाचा अर्थ कोशावाचून, वस्तूकडे पाहूनच ठरवावा लागत असे. ही पद्धत आजही उपयुक्त आहे. किंबहुना प्रस्तुत शब्दगटाच्या बाबतीत ती कोशापेक्षा अधिक भरवशाची आहे.

तीन प्रश्न

खाली आलेल्या कोणत्याही वस्तूकडे पाहताना तीन प्रश्न विचारावेत. पहिला : वस्तूला आधार कोठे आहे, वर, दोन्ही टोकांना, की एकाच बाजूला? दुसरा : ती कशामुळे खाली आली, स्वतःच्या वजनाने, पाण्याच्या अभावाने, की बळ ओसरल्याने? तिसरा आणि सर्वांत महत्त्वाचा : खाली येण्यात तिने काही गमावले आहे काय?

इंग्रजी शब्द मुख्यतः पहिल्या दोन प्रश्नांच्या उत्तरांप्रमाणे विभागलेले आहेत. तिसरा प्रश्न मात्र भाषांतरकाराने स्वतःच विचारावा लागतो. कारण यांतील बहुसंख्य इंग्रजी शब्द उत्तर आधीच गृहीत धरून चालतात. 'सॅग', 'ड्रूप', 'विल्ट', 'फ्लॅग', 'स्लम्प' या सर्वांत काहीतरी ढळल्याची, ओसरल्याची, कमी झाल्याची सूचना असते. मराठीत तसे नाही. लवणे, ओणवणे, ओथंबणे, लगडणे अशा शब्दांत खाली येणे हे समृद्धीचे किंवा नम्रतेचे लक्षण ठरते. हा फरक विसरला की शब्द बरोबर आणि अर्थ चूक अशी अवस्था होते.

आधार वर असतो तेव्हा

वस्तू वरून बांधलेली आणि खालून मोकळी असेल, तर तिच्यासाठी 'हँग' हा साधा व तटस्थ शब्द आहे. हंडी, झुंबर, घंटा, पडदा, खुंटीवरचा अंगरखा हे सर्व 'हँग' करतात. यात दोष नाही, दुःख नाही. मराठीत याला लोंबणे किंवा टांगलेले असणे म्हणतात. मोकळे टोक हेलकावे खात असेल तर 'डँगल' हा शब्द येतो. मराठीतील लोंबकळणे त्याच्या अगदी जवळ जाते. फांदीला लोंबकळणारा मुलगा, कठड्यावरून सोडलेले पाय, कानातील झुमका ही 'डँगल'ची उदाहरणे होत. तमिळमध्ये या ठिकाणी 'तोंगु' हे क्रियापद वापरतात आणि लोंबत्या कर्णभूषणाचे 'तोंगट्टान' हे नाव त्यावरूनच आले आहे.

इसापच्या कोल्ह्याची गोष्ट येथे आठवावी. द्राक्षांचे घड उंच वेलावर लोंबत होते, एवढेच सांगायचे असेल तर 'हँग' पुरे. तेथे 'ड्रूप' वापरले तर घड जड होऊन वेल खाली वाकला आहे, असे चित्र उभे राहील. तसा तो वाकला असता तर कोल्ह्याची उडी कदाचित पोचलीही असती आणि द्राक्षे आंबट ठरली नसती. एका क्रियापदाने गोष्टीचा कणाच मोडतो, तो असा.

दोन आधारांमधला झोळ

वस्तू दोन्ही टोकांना आधारलेली असून मध्ये खाली आली असेल, तर तिथे 'सॅग' हा शब्द वापरावा. वाळत घालण्याची दोरी, मंडपाचे कापड, जुन्या बाजेची वीण, पुस्तकांच्या भाराने वाकलेली फळी ही त्याची नेहमीची उदाहरणे. मराठीत दोरीला वा कापडाला झोळ येतो, तुळईला बाक येतो आणि जमीन खचते. या तिन्ही ठिकाणी इंग्रजीला 'सॅग' हा एकच शब्द पुरतो. म्हणून मराठीत आणताना वस्तू कोणती, हे पाहून शब्द निवडावा. 'तुळईला झोळ आला' असे लिहिणाऱ्या भाषांतरकाराने तुळई पाहिलेली नसते, फक्त कोश पाहिलेला असतो.

झोळ हा नेहमीच दोष असतो असे नाही. दोरी कितीही ताणली तरी ती अगदी सरळ होत नाही. दोरीचे वजन तोलण्यासाठी वरच्या दिशेने काही ओढ लागते आणि ती ओढ मिळण्यासाठी दोरीला थोडे तरी तिरपे व्हावेच लागते. विजेच्या तारा खांबांवर ओढताना अभियंते मुद्दाम हिशेबाने झोळ ठेवतात. थंडीत तार आखडते; तिला सैलपणा नसेल तर ती तुटण्याचा संभव असतो. दोन टोकांना धरलेल्या साखळीचा हा झोळ उलटा केला असता भार तोलणाऱ्या कमानीचा आकार मिळतो, हे तत्त्व इंग्लंडमध्ये रॉबर्ट हूक यांनी १६७५ मध्ये मांडले. साखळीत सर्वत्र ताण असतो. उलट्या कमानीत त्याच ठिकाणी सर्वत्र दाब असतो. तंजावूरच्या मराठा दरबार महालातील कमानीखाली उभे राहून वर पाहणाऱ्याने हे तत्त्व आठवावे. कमान आणि झोळ ही एकाच घराण्यातील दोन भावंडे आहेत. एक खाली आले आहे, दुसरे वर उभे आहे.

इंग्रजीत 'सॅग' पुढे गालांना, खांद्यांना आणि बाजारभावांनाही लावतात. मराठीत गाल ओघळतात, खांदे पडतात आणि भाव घसरतात. तिन्ही ठिकाणी वेगळे क्रियापद आहे, आणि ते तसेच ठेवावे.

मोकळे टोक खाली येते तेव्हा

वस्तू एका बाजूला घट्ट असून तिचे मोकळे टोक खाली आले असेल, तर 'ड्रूप' हा शब्द योग्य. देठावर कललेले फूल, खाली वळलेल्या मिशा, थकलेल्या पक्ष्याचे पंख, वारा पडल्यावर काठीला चिकटलेले निशाण ही त्याची उदाहरणे. हा शब्द नॉर्स भाषेतून इंग्रजीत आला. पडणे या अर्थाचा 'ड्रॉप' आणि ठिबकणे या अर्थाचा 'ड्रिप' हे त्याचे नातलग होत. म्हणूनच 'ड्रूप'मध्ये पडण्याची सुरुवात असते, पण पडणे पुरे झालेले नसते.

'सॅग' आणि 'ड्रूप' यांतील भेद शरीरशास्त्रात किती उपयोगी ठरतो, हे पाहण्यास पुन्हा सरस्वती महालात यावे. सरफोजींनी आपल्या धन्वंतरी महालात देशी आणि युरोपीय वैद्यकाचा एकत्र अभ्यास घडवून आणला. त्या काळातील नेत्ररुग्णांची इंग्रजी टिपणे आणि त्यांसोबत काढलेली डोळ्यांची चित्रे या ग्रंथालयात जतन करण्यात आली आहेत. अशा टिपणांचे भाषांतर करणाऱ्यापुढे पापणीचा प्रश्न येणारच. वरची पापणी खाली येते तेव्हा इंग्रजीत 'ड्रूप' म्हणतात, कारण तिला वर उचलून धरणारा स्नायू किंवा त्याची मज्जातंतू दुबळी झालेली असते. खालची पापणी वयोमानाने सैल होऊन डोळ्यापासून सुटते, तेव्हा 'सॅग' म्हणतात. तिचे दोन कोपरे जागेवर असतात. सैल झालेला असतो तो मधला भाग. मराठीत वरची पापणी 'पडते' आणि खालची 'ओघळते' असे म्हटल्यास हा भेद उतरतो. दोन्हींना 'पापणी लोंबणे' म्हटल्यास तो नाहीसा होतो. वरची पापणी एकाएकी पडणे हे मेंदूच्या किंवा मज्जातंतूच्या गंभीर विकाराचे चिन्ह असू शकते आणि त्यासाठी तातडीने वैद्याकडे जावे लागते. ओघळलेली खालची पापणी सहसा इतकी घाई करीत नाही. येथे शब्दाची चूक ही रुग्णाची हानी ठरू शकते.

पाणी जाते तेव्हा

'विल्ट' हा शब्द वनस्पतींचा आहे. टवटवी जाणे या अर्थाच्या एका जुन्या बोलीशब्दाचे हे बदललेले रूप असून सतराव्या शतकाच्या अखेरीस ते इंग्रजीत दिसू लागते. यातील कारण निश्चित असते : पाणी. कोवळ्या पानांना आणि देठांना लाकडाचा आधार नसतो. त्यांच्या पेशी पाण्याने तट्ट भरलेल्या असतात आणि त्या दाबावरच पान ताठ उभे राहते. मुळांकडून येणाऱ्या पाण्यापेक्षा पानांतून उडून जाणारे पाणी जास्त झाले की पेशींतील दाब उतरतो व पान मान टाकते. मराठीत कोमेजणे, म्लान होणे, मलूल होणे हे शब्द येथे शोभतात. तमिळमधील 'वाडु' हे क्रियापदही याच अर्थाचे आहे. राजवाड्याबाहेरच्या फुलवाल्यांच्या बोलण्यात ते रोज येते.

तंजावूर हे कावेरीच्या त्रिभुज प्रदेशातील शहर. भाताच्या खाचरांबरोबर या प्रदेशात केळीच्या बागाही आहेत. केळीच्या बागेत इंग्रजी 'विल्ट' शब्दाचे दोन अगदी भिन्न अर्थ भेटतात. भर दुपारी पाणी कमी पडले की केळीच्या पानाचे दोन्ही अर्ध मधल्या शिरेच्या बाजूंनी खाली मिटतात. संध्याकाळी अथवा पाणी दिल्यावर ते पुन्हा पसरतात. हा तात्पुरता 'विल्ट'. दुसरा 'विल्ट' हा रोग आहे. जमिनीतील एक बुरशी मुळांवाटे शिरून पाणी वाहणाऱ्या नलिका निकामी करते. खालची पाने आधी पिवळी पडतात, देठापाशी मोडतात आणि बुंध्याभोवती घागऱ्यासारखी लोंबत राहतात. बुंधा चिरला तर आतील नलिका तांबूस-तपकिरी झालेल्या दिसतात. अशा झाडाला कितीही पाणी दिले तरी ते सावरत नाही. बुरशी जमिनीत अनेक वर्षे टिकून राहते आणि माती, पाणी व लागवडीचे मुनवे यांच्याबरोबर पसरते.

इंग्रजी लेखात दोन्हींसाठी 'विल्ट' हाच शब्द येतो. मराठी शेतकरी मात्र पहिल्याला कोमेजणे आणि दुसऱ्याला 'मर' म्हणतो. तूर आणि हरभरा यांच्या अशाच रोगांनाही मर हेच नाव आहे. शब्द दोन अक्षरांचा असला तरी त्यात शेवट सांगून टाकलेला आहे. एखाद्या पुस्तिकेत मर रोगाच्या जागी 'झाड कोमेजते' असे छापले गेले, तर वाचणारा शेतकरी पाण्याची पाळी वाढवील आणि तेच पाणी रोगाला पुढच्या झाडापर्यंत नेईल. याउलट दुपारच्या कोमेजण्याला 'मर' म्हटले, तर निरोगी झाडे उपटली जातील. ज्या ठिकाणी आपली भाषा परक्या भाषेपेक्षा सूक्ष्म भेद करते, त्या ठिकाणी परक्या भाषेच्या मागे जाणे शहाणपणाचे नाही.

बळ ओसरते तेव्हा

काही शब्द बळ ओसरल्याचे आहेत. चालणाऱ्याचा वेग, सभेचा उत्साह, संभाषणाचा रंग हळूहळू कमी होतो, तेव्हा इंग्रजीत 'फ्लॅग' म्हणतात. मराठीत उत्साह मावळतो, पाय जड होतात, बोलणे रेंगाळते. एखादा मनुष्य खुर्चीत एकाएकी कोसळल्यासारखा बसतो किंवा व्यापार झपाट्याने खाली येतो, तेव्हा 'स्लम्प' हा शब्द येतो. 'फ्लॅग' हळूहळू घडते, 'स्लम्प' एकदम. ज्या अवयवात ताठरपणाच उरलेला नाही त्याला 'लिंप' म्हणतात. त्याची मराठी रूपे लुळा, गळालेला, ढिला अशी आहेत.

राजवाड्यापासून फार दूर नसलेल्या शिवगंगा तलावाजवळच्या चर्चमध्ये जॉन फ्लॅक्समन या इंग्रज शिल्पकाराने घडविलेले एक संगमरवरी शिल्प आहे. सरफोजींनी आपल्या गुरूच्या स्मरणार्थ ते करवून घेतले. श्वार्ट्झ १७९८ मध्ये मरण पावले. शिल्पात ते मृत्युशय्येवर असून जवळ उभ्या असलेल्या सरफोजींनी त्यांचा हात हाती घेतलेला आहे. गुरूच्या स्मृतीसाठी सरफोजींनी इंग्रजीत पद्यही रचले. मृत्युशय्येवरील माणसाच्या हाताचे वर्णन करताना 'लिंप' हा शब्द चालू शकतो, कारण तेथे बळ खरोखरच ओसरलेले असते. परंतु त्याच शब्दाची राजवाड्यातील दुसऱ्या एका हाताशी गाठ पडली की घोटाळा होतो.

जेथे काहीच गमावलेले नाही

राजवाड्याच्या नायककालीन भागात १९५१ मध्ये स्थापन झालेले कलादालन आहे. चोळ काळातील कांस्यमूर्तींसाठी ते प्रसिद्ध आहे. या शैलीच्या देवीमूर्तींमध्ये पुष्कळदा उजवा हात फूल धरण्याच्या मुद्रेत वर असतो आणि डावा हात शरीरालगत खाली सोडलेला असतो. मूर्तिशास्त्रात या हाताला लोलहस्त किंवा लंबहस्त म्हणतात आणि त्याला गाईच्या शेपटीची उपमा देतात. मनगट मोकळे, बोटे सहज वळलेली, कोपरापासून बोटांपर्यंत एक अखंड प्रवाही रेषा. हा हात खाली आहे. पण त्याने काहीही गमावलेले नाही.

त्याला इंग्रजीत 'ड्रूप' म्हटले की देवी थकलेली दिसू लागते. 'लिंप' म्हटले की ती आजारी होते. 'डँगल' म्हटले की ती निष्काळजी वाटते. तेथे 'हँग' हाच तटस्थ शब्द घ्यावा आणि त्याला सहजतेचे विशेषण जोडावे. इंग्रजीतून मराठीत येताना हाच दोष उलट्या बाजूने घडतो. मूळ लेखात 'ड्रूप' आहे म्हणून 'गळालेला हात' असे लिहिले, तर मराठी वाचकापुढे मूर्तीऐवजी रुग्ण उभा राहतो. नटराजाच्या मूर्तीत शरीरावरून आडवा येऊन उचललेल्या पायाकडे खाली वळणारा गजहस्तही असाच आहे. हत्तीची सोंड खाली असते म्हणून कोणी तिला दुबळी म्हणत नाही.

याच कलादालनात तिरुवेंकाडू येथून आलेली वृषवाहन शिवाची मूर्ती आहे. तिचा काळ १०११ असा धरला जातो आणि शेजारच्या देवीचा १०१२. शिव नंदीला रेलून उभा आहे, अशी कल्पना. त्याचा एक हात नंदीवर टेकलेला दाखविला आहे. मात्र नंदी आज तेथे नाही. आधार नाहीसा झाला आहे आणि हात जिथे होता तिथेच आहे. पाहणाऱ्याला त्या हाताच्या बाकावरूनच नंदीची उंची कळते. टेकणे, लोंबणे आणि गळणे या तीन क्रियापदांतील भेद शिकविण्यास याहून चांगला पाठ सापडणे कठीण.

मराठीत खाली येण्याचा सन्मान करणारे शब्द रोजच्या व्यवहारातही आहेत. फळांनी लगडलेली फांदी लवते. ढग ओथंबून येतात. भात पिकला की दाण्यांच्या भाराने खाली वळते, आणि त्या कणसाला आपण लोंबी म्हणतो. या शब्दात लोंबण्याचा भास कानाला सहज होतो. जी लोंबी ताठ उभी, तिच्यात दाणा भरलेला नसतो, हे शेतकरी जाणतो. वादळात ताठ राहिलेला वृक्ष उन्मळतो आणि लवणारा वेळू वाचतो, ही इसापची कथाही हेच सांगते. तेथे वेळूसाठी 'ड्रूप' चालणार नाही. वाकणे या अर्थाचा 'बेंड' हाच शब्द घ्यावा लागेल, कारण वेळू पुन्हा उभा राहणार असतो.

लोंबण्यातून निघालेले विचार

या शब्दगटाचा शेवटचा भाग सर्वांत मनोरंजक आहे. लॅटिनमध्ये लोंबणे या अर्थाचा एक धातू आहे, त्यापासून इंग्रजीला अनेक शब्द मिळाले. संस्कृतमध्ये त्याच अर्थाचा 'लंब्' धातू आहे, त्यापासून मराठीला शब्द मिळाले. या दोन धातूंचा परस्परांशी संबंध नाही. तरीही त्यांची संतती विलक्षण सारखी आहे. इंग्रजी 'डिपेंड' म्हणजे मुळात एखाद्या वस्तूपासून खाली लोंबणे. मराठीत आपण म्हणतो, अवलंबून असणे. इंग्रजी 'पेंडिंग' म्हणजे लोंबत राहिलेले. मराठीत ते काम प्रलंबित. 'पेंड्युलम' म्हणजे लंबक. 'पर्पेंडिक्युलर' म्हणजे लंब, कारण ओळंबा मोकळा सोडला की तो जमिनीशी काटकोन करतो. नोकरीतून 'सस्पेंड' झालेला मनुष्य निलंबित होतो. तो ना धड आत, ना धड बाहेर.

यांतील निलंबन, प्रलंबित यांसारखे शब्द आधुनिक कारभाराच्या गरजेतून रूढ झाले आणि ते घडविताना इंग्रजी शब्द समोर होते, हे उघड आहे. पण अवलंब आणि विलंब हे शब्द प्राचीन आहेत. यावरून दिसते ते असे की, एका गोष्टीचे दुसरीवर विसंबणे माणसाला प्रथम लोंबण्याच्या रूपातच सुचले. मूर्तिशास्त्रात कमरेवर टेकलेल्या हाताला कट्यवलंबित म्हणतात. पंढरीच्या विठ्ठलाच्या कटेवरील हातांकडे पाहिले की त्या शब्दातील 'अवलंब' म्हणजे विसावा, हे लक्षात येते. आधार वर असला की लोंबणे, खाली असला की टेकणे, धातू एकच.

म्हणून 'डिपेंड'चे भाषांतर करताना विद्यार्थ्याने संकोच करू नये. जे चित्र इंग्रजीत आहे तेच मराठीत आहे. 'ड्रूप'चे भाषांतर करताना मात्र थांबावे आणि तिसरा प्रश्न विचारावा : काही गमावले आहे काय?

राजवाड्याच्या परिसरात प्रवाशांना विकण्यासाठी तंजावूरच्या बाहुल्या मांडलेल्या असतात. त्यांतील एका प्रकारच्या बाहुलीचा तळ गोल आणि जड असतो. तिला बोटाने आडवे केले तरी ती डुलत डुलत पुन्हा उभी राहते. तिचे सारे वजन अगदी तळाशी असते. बाहुली कलली की तिचा गुरुत्वमध्य किंचित वर उचलला जातो आणि पुन्हा खाली येण्याच्या ओढीनेच ती सरळ होते. तिच्या बाबतीत वजन खाली असणे म्हणजे ढासळणे नव्हे. उभे राहण्याचे कारणच ते आहे. या शब्दगटातील कोणताही शब्द लिहिण्यापूर्वी भाषांतरकाराने त्या बाहुलीला एकदा बोट लावून पाहावे.